चिंतननोंदीतील लुप्त कर्ता

डोनाल्ड शॉन ह्यांच्या ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ (१९८३) ह्या ग्रंथानंतर चिंतनशील अध्यापनाची कल्पना शिक्षक-प्रशिक्षणात विशेष रूढ झाली. वस्तुतः त्या ग्रंथातील सर्वांत जिवंत प्रकरण शाळेतील नव्हे, तर वास्तुकलेच्या स्टुडिओतील आहे. पेट्रा ह्या विद्यार्थिनीचा आराखडा अडतो. क्विस्ट हे तिचे अध्यापक त्यावर स्वतः रेषा ओढतात आणि ओढता ओढता बोलतात. चिंतन घडते ते ह्या बोलण्यात.

आपल्याकडे त्याची वही झाली. २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले, शाळेतील अनुभवाचा काळ वाढला, आणि चिंतननोंदीही वाढल्या. त्यांची भाषा पाहावी: ‘पाठ घेण्यात आला. प्रतिसाद चांगला मिळाला.’ पाठ कोणी घेतला? प्रतिसाद कोणत्या प्रश्नाला? कर्ता वगळण्याची सोय मराठी वाक्यरचनेत आहेच. येथे ती आश्रयस्थान बनते. ही कचेरीतील अहवालाची मराठी होय, आणि तिला गुण मिळतात! ‘तीन मुली गप्प राहिल्या, तरी मी पुढे गेले’ असे लिहिणाऱ्या छात्राध्यापिकेस गुण जाण्याची धास्ती वाटणारच. तेव्हा ह्या वहीचे गुणांकन प्रथम बंद करावे, आणि मार्गदर्शकाने पाठानंतर त्याच फळ्यापाशी, खडू हाती घेऊन, तिच्याशी बोलावे.