पोलादपूरचं पाणी आणि बीसी ५४७

कागदावर हे सर्किट जेमतेम दोन बोटं जागा घेतं. एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, १२ व्होल्टचा रिले, रिलेच्या कॉइलवर उलटा टाकलेला डायोड, बेसच्या वाटेवर एक रेझिस्टर आणि टाकीत सोडलेल्या दोन स्टीलच्या सळ्या. पाणी दोन्ही सळ्यांना लागलं की त्यातून चिमूटभर करंट बेसला पोचतो, ट्रान्झिस्टर चालू होतो, रिले ‘टक्’ करतो आणि विहिरीवरची मोटर थांबते. यातलं काहीही काढून टाकता येत नाही. डायोडसुद्धा नाही. रिले सुटताना कॉइल जो उलटा झटका मारते, तो सोसायला ४५ व्होल्टचा हा ट्रान्झिस्टर पुरा पडत नाही. डायोड तो झटका तिथल्या तिथे जिरवतो. मला तो या रचनेतला सगळ्यात सोशिक मेंबर वाटतो.

पोलादपूरला मामाकडे मी हे एका मे महिन्यात बसवलं. महिनाभर ठणठणीत चाललं. जुलैत मामीचा फोन आला, “अरे, तुझी ती डबी झोपली. मोटर थांबतच नाही.” टाकी ओसंडतेय हे घरात दोन दिवस कळलंच नव्हतं. पोलादपूरच्या जुलैत स्लॅबवरून पाणी वाहतच असतं. त्यातलं टाकीचं कुठलं आणि आभाळातलं कुठलं, कोण बघणार?

गेलो. आधी मोटरची २३० व्होल्टची वायर सोडवली. मग वायरच्या एका तुकड्याने ट्रान्झिस्टरचे कलेक्टर आणि एमिटर हे दोन पाय एकमेकांना टेकवले. टक्. म्हणजे सप्लाय आहे, कॉइल आहे, रिले हलतो आहे. निम्मं सर्किट निर्दोष सुटलं. मामाने तोवर सळ्या घासून लख्ख केल्या होत्या. फरक शून्य.

मग मीटर लावला. सळ्या पाण्यात असताना कलेक्टरवर ४ व्होल्ट.

या चारावर थांबायला हवं. ट्रान्झिस्टर पूर्ण बंद असता तर इथे १२ दिसले असते, पूर्ण चालू असता तर जेमतेम ०.२. रिले चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरने ‘हो’ म्हणावं नाहीतर ‘नाही’. हा मुलगी बघून गेल्यावर ‘कळवतो’ म्हणणाऱ्या मंडळींसारखा मधेच बसला होता. बारातून चार गेले, कॉइलला आठ मिळाले. कॉइल ४०० ओहमची, म्हणजे २० मिलिअँपिअर. रिलेला ओढ घ्यायला साधारण पाऊण व्होल्टेज, म्हणजे ९ लागतात. एका व्होल्टने अडलं होतं.

खरी गंमत पुढे. रिलेचं झाकण काढून मी आतली पत्री बोटाने हलकेच खाली ढकलली. ती चिकटली. बोट काढलं तरी चिकटलेलीच! पत्री लांब असताना तिला ओढून आणायला चुंबकाला जोर लागतो. एकदा जवळ आली की धरून ठेवायला त्याहून कितीतरी कमी करंट पुरतो. आठ व्होल्टवर स्वतःहून न जाणारी, पण नेऊन सोडली तर राहणारी पत्री. मीटरने आकड्यात सांगितलेलं बोटाने पुन्हा वाचल्यासारखं झालं. बिघाड शोधण्यात इतका गोड क्षण मला क्वचित मिळाला आहे.

पण मेमध्ये चाललं ते आता का नाही? मामा म्हणाला, “विहीर तीच, पाणी तेच.”

विहीर तीच, पाणी ते नव्हे. मेचं पाणी महिनोन्‌महिने काळ्या कातळात मुरलेलं, खडकातले क्षार घेऊन आलेलं. जुलैचं पाणी परवा डोंगरावर पडलेलं, जवळजवळ कोरं. वीज वाहून नेतात ते क्षार. तेच पातळ झाल्यावर सळ्यांमधला रोध वाढला आणि बेसला ०.१ मिलिअँपिअर उरला. ट्रान्झिस्टरने तो दोनशे पट केला, २० झाले. त्याने आपलं काम चोख केलं होतं. चूक माझी. बीसी ५४७ ची वाढ नगागणिक ११० पासून ८०० पर्यंत कितीही असू शकते आणि मी मिळालेल्या नगाच्या भरवशावर राहिलो. आता जास्त वाढीचा नग शोधून लावला असता तर रिले लागलाही असता, पण ती नशिबाची दुरुस्ती.

दुसरा बीसी ५४७ महाडहून आणला. पहिल्याचा एमिटर दुसऱ्याच्या बेसला, दोघांचे कलेक्टर एकत्र: दोनशे गुणिले दोनशे, कागदावर चाळीस हजार. पण इतका हळवा कान कुजबुजही ऐकतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर तिथली काही सर्किट बोर्डं माझ्या हाताखालून गेली होती. पुसून स्वच्छ दिसायची, पण सोल्डरच्या दोन टाक्यांच्या मधे गाळाचा पातळ पापुद्रा राहिलेला. हवा दमट झाली की तेवढ्यावर करंट सरकायचा आणि रिले उगाच लागायचा. म्हणून पहिल्या बेसवरून मायनसला एक लाख ओहमचा रेझिस्टर टाकला. ओलीतून झिरपणारा करंट तो परस्पर मायनसला सोडतो, पाण्यातून येणारा मात्र त्याला पुरून उरतो.

सळ्या पाण्यात सोडल्या. टक्. माळ्यावरून मामीला ऐकू गेला एवढा. मीटर बघितला: ०.८. या जोडीत ०.२ पर्यंत खाली येता येत नाही, पहिल्याला चालू राहायला तेवढी जागा लागतेच. मला ते जरासं खटकलं. कॉइलला ११.२ मिळत होते, तिची काही तक्रार नव्हती.