निअँडर्थलांचा वारसा: एक उत्तम पेपर आणि त्यातलं एक घाईचं वाक्य

कोविडच्या पहिल्या वर्षात जनुकशास्त्रातल्या ज्या पेपरांची भरपूर चर्चा झाली, त्यातला एक ह्यूगो झेबर्ग आणि स्वांते पेबो यांचा. सप्टेंबर २०२० मध्ये तो 'नेचर'ने प्रसिद्ध केला. छापील पानं फक्त तीन. संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असं मला वाटतं. पुरावा कसा रचायचा हे त्यातून शिकता येतं, आणि पुरावा संपला की कुठे थांबायचं हेही. दुसरा धडा मात्र जरा उलट्या बाजूने मिळतो.

आधी चांगली बाजू बघू. तिसऱ्या गुणसूत्रावरच्या एका पट्ट्याचा गंभीर कोविडशी संबंध आहे, हे इटली आणि स्पेनमधल्या रुग्णांच्या अभ्यासातून आधीच कळलं होतं. या दोघांनी विचारलं, हा तुकडा आला कुठून? सुमारे ४९,४०० अक्षरांचा हा सलग तुकडा क्रोएशियातल्या विंडिया गुहेत सापडलेल्या, साधारण ५०,००० वर्षांपूर्वीच्या निअँडर्थलच्या जीनोमशी जुळतो. आता तुम्ही म्हणाल, आपला आणि त्यांचा पूर्वज एकच, मग हा तुकडा त्या पूर्वजाकडूनच आला नसेल कशावरून? उत्तर लांबीत आहे. पिढ्यान्‌पिढ्या रिकॉम्बिनेशन गुणसूत्रांचे तुकडे करत राहतं. साधारण साडेपाच लाख वर्षं एवढा लांब तुकडा अखंड टिकणं जवळपास अशक्य. म्हणजे तो नंतरच्या संकरातून आला. शंका आधी स्वतःच काढायची आणि मग ती मोजून फेटाळायची, याचा हा नमुना आहे.

आता अडचणीची जागा. हा तुकडा असलेल्यांचा कोविडमुळे रुग्णालयात दाखल होण्याचा ऑड्स रेशो १.६ आहे. दक्षिण आशियात निम्म्या लोकांकडे त्याची किमान एक प्रत असते, युरोपात १६ टक्क्यांकडे. बांगलादेशात ६३ टक्क्यांकडे किमान एक आणि १३ टक्क्यांकडे दोन्ही प्रती. पुढे लेखक म्हणतात की ब्रिटनमधल्या बांगलादेशी वंशाच्या लोकांची कोविडने मरण्याची जोखीम सर्वसाधारण लोकसंख्येच्या जवळपास दुप्पट आहे, आणि हे वरच्या निष्कर्षाशी जुळताना दिसतं. शब्द सावध आहेत, हे मान्य. पण वाचणाऱ्याच्या डोक्यात 'दुप्पट' आणि 'जनुक' यांची गाठ बसते ती बसतेच.

खरंच जुळतं का? कागद-पेन्सिल घ्या. तुकडा नसलेल्या माणसाची जोखीम १ धरा, एका प्रतीची १.६, दोन प्रतींची १.६ गुणिले १.६, म्हणजे २.५६. बांगलादेशातल्या १०० जणांत ३७ जणांकडे शून्य, ५० जणांकडे एक, १३ जणांकडे दोन प्रती. सरासरी येते सुमारे १.५. युरोपात ८४ जणांकडे शून्य, १६ जणांकडे बहुतेक एकच. सरासरी सुमारे १.१. भागाकार साधारण १.४. म्हणजे पेपरमधले सगळे आकडे जसेच्या तसे मान्य केले, तरी हा तुकडा एकटा दुप्पट फरक देऊ शकत नाही. (ऑड्स म्हणजे थेट जोखीम नव्हे आणि दाखल होणं म्हणजे मृत्यू नव्हे. हा ढोबळ हिशोब आहे. पण असा हिशोब पेपरमध्येच दोन ओळींत यायला हवा होता.)

मग उरलेला फरक कुठून आला? पब्लिक हेल्थ इंग्लंडच्या जून २०२० च्या अहवालातही गोऱ्या ब्रिटिशांच्या तुलनेत साधारण दुप्पट जोखीम दिसते. वय, लिंग, प्रदेश आणि वस्तीची गरिबी हिशोबात घेऊन हा आकडा काढलेला आहे. पण व्यवसाय, लठ्ठपणा आणि आधीचे आजार त्यात धरलेले नाहीत, हे तो अहवाल स्वतःच सांगतो. माणूस घरून काम करतो की लोकांच्या गर्दीत, त्याला मधुमेह आहे की नाही, या गोष्टी बाजूला ठेवून जनुकाकडे बोट दाखवणं म्हणजे घाईच.

दुसरा प्रश्न: 'दक्षिण आशिया' म्हणजे नक्की कोण? हे प्रमाण '१००० जीनोम' प्रकल्पातून येतं. त्यात दक्षिण आशियाई ४८९ जण आहेत: ह्यूस्टनमधले गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातले बंगाली, ब्रिटनमधले तेलुगू आणि श्रीलंकन तमिळ. भारतात राहणाऱ्यांचा गट एकही नाही, मराठी भाषकांचा गटही नाही. बांगलादेशाचे ६३ टक्के आले ते ८६ जणांवरून. हा प्रकल्पाचा दोष नाही, तो वेगळ्याच हेतूने उभा राहिला होता. पण 'आपल्यापैकी निम्म्यांकडे हे जनुक आहे' असं आपण बिनधास्त म्हणतो, तेव्हा त्या 'आपल्या'त सांगली-नांदेडचं कुणी मोजलेलंच नसतं.

आणि 'हे जनुक' हा शब्दही सांभाळून वापरायला हवा. त्या पट्ट्यात अनेक जनुकं शेजारी-शेजारी बसलेली आहेत. २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने त्यातल्या एलझेडटीएफएल१ कडे बोट दाखवलं. त्यासाठी वेगळे प्रयोग लागले, नुसता ऑड्स रेशो पुरला नाही. त्याच वर्षी झेबर्ग आणि पेबो यांनीच बाराव्या गुणसूत्रावरचा निअँडर्थल तुकडा गंभीर कोविडपासून थोडं संरक्षण देतो, हेही दाखवलं. तेव्हा निअँडर्थलांना सरसकट दोषी धरण्यातही अर्थ नाही.

माझ्या मते पेपरचा मुख्य दावा, म्हणजे तुकड्याचं मूळ, भक्कम आहे. कमकुवत आहे तो शेवटचा पूल: एका माणसाच्या जोखमीवरून अख्ख्या समाजाच्या मृत्युदराकडे मारलेली उडी. पेबोंना २०२२ चं नोबेल मिळालं म्हणून तो पूल मजबूत होत नाही. उद्या तुमच्या प्रपोजलमध्ये 'भारतीयांमध्ये अमुक व्हेरियंट जास्त, म्हणून अमुक आजार गंभीर' असं वाक्य येणारच आहे. ते लिहिण्याआधी तीन गोष्टी तपासा: सॅम्पल कुणाचं, हिशोब मांडला तर फरक किती येतो, आणि काय काय मोजलेलंच नाही. गाइडने विचारण्याआधी ही उत्तरं तुमच्या वहीत असू द्या.