ओळखीतल्या माणसाच्या प्रेमात

लहान गावातल्या प्रेमकथेला पहिल्याच प्रकरणात एक प्रश्न सोडवावा लागतो: या दोघांनी भेटायचं कुठे? पुण्याच्या कादंबरीला कॉलेजचा कट्टा आहे, मुंबईच्या कादंबरीला चौपाटी. डहाणूहून चारोटीकडे जाताना लागणाऱ्या आशागडसारख्या गावात भेटायला कारण लागतं. शेअर रिक्षा भरेपर्यंतचा वेळ, झेरॉक्सचं दुकान, शिकवणी, चैत्रातली महालक्ष्मीची जत्रा, कुणाच्या तरी बहिणीची हळद. बघणारे डोळे मात्र सगळीकडे तेच, ओळखीचे. अशा ठिकाणी दोघांना वर्षानुवर्षं एकमेकांच्या आसपास राहू देणारं नातं मैत्रीचंच. म्हणून गाव आणि मैत्रीतून उमलणारं प्रेम या दोन गोष्टी कादंबरीत इतक्या सहज एकत्र येतात.

मला अशा कादंबऱ्या मनापासून आवडतात. त्यातलं सुख शेवट कळण्यात नसतं, तो तर पहिल्या वीस पानांत कळलेला असतो. त्या दोघांच्या आधी आपल्याला कळलेलं असतं, आणि त्यांना कधी कळतंय याची वाट पाहण्यात गोडी असते. जेन ऑस्टिनच्या ‘एमा’मध्ये (1815) हायबरी नावाच्या छोट्या गावात नाइटली एमाला वर्षानुवर्षं रागावत आलेला असतो, आणि तो इतरांना असा रागावत नाही हे वाचकाच्या ध्यानात आधीच येतं. शरच्चंद्रांच्या ‘परिणीता’तली (1914) ललिता शेजारच्या शेखरच्या कपाटातून न विचारता पैसे घेते. दोघांपैकी कुणालाच त्यात काही वेगळं वाटत नाही. प्रेमाची कबुली खूप पुढे येते, पण ते कपाट उघडणारा हात वाचकाला आधीच सगळं सांगून गेलेला असतो. लेखकाचा कस लागतो तो अशा साध्या कृतींत. मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे शरच्चंद्र मराठी घरांत पोचले आणि घरातल्यासारखेच झाले, त्यामागे हेही एक कारण असावं.

मग मराठीत स्वतःचं असं काय लिहिलं गेलं? ना. सी. फडक्यांनी ‘जादूगार’ (1928), ‘दौलत’ (1929) अशा कादंबऱ्यांतून मराठी वाचकाला प्रेमकथा हौसेनं वाचायला शिकवलं. हे ऋण मोठं आहे. पण त्यांचं प्रेम बहुधा भेटीच्या क्षणी पेटतं. ओळख मुरायला जो वेळ लागतो, तो त्यांच्या रचनेत मावत नाही. खांडेकर 1920 ते 1938 शिरोड्यात शिक्षक होते. लहान गाव त्यांच्याइतकं जवळून फार थोड्यांनी पाहिलं असेल. तरी त्यांचे नायक-नायिका एकमेकांकडे पाहण्याआधी ध्येयाकडे पाहतात. ‘उल्का’ वाचताना मला वाटत राहतं, या माणसांना एक दुपार नुसतं गप्पा मारत बसू द्यायला हवं होतं.

त्यानंतर लायब्ररीतून घरोघर फिरणाऱ्या कादंबऱ्यांचा काळ आला. रत्नागिरीत डॉक्टरकी करत लिहिणाऱ्या कुसुम अभ्यंकर, चंद्रकांत काकोडकर आणि कितीतरी. काकोडकरांच्या ‘शामा’वर, 1962 च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातल्या कथेवर, अश्लीलतेचा खटला झाला. तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1969 मध्ये न्यायालयानं ती कथा अश्लील नसल्याचा निर्णय दिला. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’वरून ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट आला. इतक्या वाचल्या गेलेल्या लेखकाबद्दल आपल्या समीक्षेनं किती पानं लिहिली? ‘कोसला’ (1963) आणि लघुअनियतकालिकांच्या पिढीनं मराठी कादंबरीचं फार भलं केलं, पण त्याच काळात प्रेमकथा वाचणं ही लपवायची गोष्ट होऊन बसली. ज्या प्रकाराकडे चांगला समीक्षक फिरकत नाही, तो प्रकार सुधारत नाही. इथलं नुकसान दोन्ही बाजूंचं आहे.

श्री. ना. पेंडशांचा ‘गारंबीचा बापू’ (1952) मला या सगळ्यांत वेगळा वाटतो. बापू आणि राधा यांना गावानं ओवाळून टाकलेलं आहे, आणि त्यांची सोबत आधी त्या एकटेपणातून जमते. महत्त्वाचं म्हणजे ते गाव सोडून पळत नाहीत. ज्या गारंबीनं नावं ठेवली तिच्याच डोळ्यांदेखत बापू सुपारीच्या व्यापारात उभा राहतो. गावात राहून प्रेम निभावण्याची किंमत आणि त्यातला कणखरपणा पेंडशांनी दाखवला, तसा पुढे फार कुणी दाखवला नाही.

मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ (2004) ही या परंपरेतली सगळ्यात जिवंत कादंबरी. आणीबाणीचा काळ, नववीचा वर्ग, अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसून रस्त्याकडे डोळे लावणारी चार मुलं. जोशीला शिरोडकर जाताना नुसती दिसते, आणि तेवढ्यावर त्याचा दिवस निघतो. बोकील त्या दिवसाला घाई करत नाहीत. पण शिरोडकर गाव सोडून जाते आणि प्रेम आठवणीत जमा होतं. मराठी लेखकाला गावातलं प्रेम हरवलेलं असेल तरच पेलतं, अशी माझी तक्रार आहे. ते हरवत नाही तिथे मारलं जातं. ‘सैराट’ या चित्रपटानं (2016) ते खरंच दाखवलं. आडनाव विचारल्याशिवाय आपल्याकडे कुणी कुणाचं होत नाही, आणि त्या वास्तवाकडे पाठ फिरवणारी गोड कादंबरी खोटी ठरते. आज ‘प्रतिलिपी’ या ॲपवर रोज नवे भाग येणाऱ्या मराठी प्रेमकथांत बालमित्र भरपूर आहेत, वाचकही भरपूर आहेत. मी त्या वाचते. संवाद पुष्कळदा खरे असतात, गाव मात्र बहुधा नावापुरतं असतं. आडनावांचा प्रश्न तर भाग संपता संपता एखाद्या समजूतदार वडिलांवर सोपवून दिलेला असतो.

आता डहाणू-तलासरीचं पाहा. मराठी साहित्यात हा मुलूख आला तो गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मधून (1970). लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचं आणि ते फेडण्यासाठी नवरा-बायकोनं त्याच्याकडे राबत राहायचं, या ‘लग्नगडी’ पद्धतीविरुद्ध 1945 साली आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरीच्या सभेपासून वारली आदिवासी पेटून उठले. म्हणजे इथे दोन माणसांनी एकत्र येणं हाच पिढ्यान्‌पिढ्या गुलामीचा दरवाजा होता. एवढी जबरदस्त सामग्री असूनही तिच्यातून प्रेमाची कादंबरी निघाल्याचं माझ्या वाचनात नाही.

आणि आजही तारप्याच्या नाचात एकमेकांना निवडणारी, घरच्यांच्या संमतीनं लग्नाआधीच संसार मांडणारी जोडपी आहेत. पैसे जमतील तेव्हा विधी करणारी धवलेरी येते, भिंतीवर लग्नाचा चौक लिहिला जातो, लग्न लागतं. कधी तोवर मुलं मोठी झालेली असतात. सामुदायिक विवाहात आई-बाप आणि मुलगा-सून एकाच मांडवात उभे राहिल्याची उदाहरणं या भागात आहेत. लग्न हा शेवट धरून चालणाऱ्या प्रेमकादंबरीची सगळी मांडणीच इथे उलटी होते. ‘घरचे हो म्हणतील का’ या प्रश्नाऐवजी ‘मांडवाचा खर्च कधी जमेल’ हा प्रश्न कथेला पुढे नेईल, आणि मधल्या दहा वर्षांत ते दोघे एकमेकांचे मित्र राहिले का, हे लेखकाला पानापानावर पाहावं लागेल.

2013 मध्ये डहाणूपर्यंत लोकल आली. आशागडच्या पाड्यावरची मुलगी पहाटे रिक्षानं स्टेशन गाठते, बोईसरच्या कारखान्यात जाते, रात्रपाळीहून परतणारा वर्गमित्र तिला त्याच फलाटावर दिसतो. त्यांची भाषा वारली, त्यात गुजरातीचे शब्द, कामावर हिंदी, शाळेतली पुस्तकी मराठी वेगळीच. कुठली गोष्ट ते कुठल्या बोलीत एकमेकांना सांगतात, यावरूनच त्यांची जवळीक किती वाढली ते कळेल. हे लिहायला त्या फलाटावर रोज उभं राहणारं माणूस हवं. अशी माणसं आता शिकलेली आहेत आणि मोबाइलवर भाग लिहिणाऱ्यांत त्यांच्यातलीही कुणी असतील. संपादकांनी त्यांच्याकडून आत्मकथनच मागू नये, प्रेमकथाही मागावी, आणि ती छापून आली की समीक्षकांनी तिच्याबद्दल पूर्ण लांबीचं लिहावं.