बारावीचे गुण वैद्यकीयला पुरेत का?

आसनगावपर्यंत येणाऱ्या लोकलगाड्या बऱ्याच आहेत. पुढे आटगावला जायचे तर कसाऱ्याची गाडीच धरावी लागते. कल्याणच्या शिकवणीला जाणाऱ्या इथल्या मुलांचा दिवस या गाडीच्या वेळेवर ठरतो. आटगावला काही शिक्षकमित्रांशी बोलत बसलो असता याच मुलांचा विषय निघाला. एक मित्र जरा चिडूनच म्हणाले, "बारावीला उत्तम गुण मिळवलेली आमची मुलगी नीटमध्ये मागे पडते. बारावीची परीक्षा खोटी असेल तर ती घेता कशाला? आणि खरी असेल, तर तिच्याच गुणांवर डॉक्टरकीला प्रवेश का देत नाही?" शहापूर-मुरबाडकडच्या शिक्षकांकडून ही मागणी आम्ही अनेकदा ऐकली आहे. तिच्यामागची तळमळ खरी आहे. मागणी बरोबर आहे का, हा वेगळा प्रश्न.

मागणी नवीही नाही. महाराष्ट्रात १९९८पर्यंत वैद्यकीय प्रवेश बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्राच्या गुणांवरच होत असत. १९९९ साली राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा आली आणि २०१६चा गोंधळ पार पडल्यावर २०१७पासून 'नीट' सक्तीची झाली. बदलामागचे कारण भारतीय वैद्यक परिषदेच्या १९९७च्या नियमावलीत दिलेले होते. पात्रता परीक्षा घेणारी मंडळे एकाहून अधिक असली, की त्यांचे मोजमाप सारखे राहत नाही. म्हणून सर्वांची एकच स्पर्धा परीक्षा घ्यावी. युक्तिवाद सरळ आहे. दोन दुकानांतले शेर वेगवेगळे असतील, तर कोणाचे धान्य जास्त हे शेरांच्या आकड्यावरून सांगता येत नाही.

जुन्या काळाची आठवण काढणारे एक गोष्ट विसरतात. शिकवण्या तेव्हाही होत्या. 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्राला माहीत झाला तो मंडळाच्या गुणवत्ता यादीमुळेच. तमिळनाडूने २००६ साली कायदा करून प्रवेश परीक्षा काढून टाकली आणि २०१६पर्यंत बारावीच्या गुणांवर प्रवेश दिले. तिथे काय झाले? नामक्कलसारख्या भागातल्या निवासी शाळांनी अकरावीचा अभ्यासक्रम गुंडाळून दोन वर्षे बारावीचाच रट्टा मारून घेतला. सरकारी शाळांतून वैद्यकीयला पोहोचणारी मुले त्या दहा वर्षांतही फारच थोडी होती. ज्या मापाने जागा मिळते त्या मापाभोवती बाजार उभा राहतो, मग ते माप बारावीचे असो वा नीटचे.

आता मापाकडेच पाहू. २०२१ साली करोनामुळे बारावीची परीक्षाच झाली नाही. दहावी, अकरावी व बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाला ३०, ३० व ४० टक्के भार देऊन निकाल लावला, तो निघाला ९९.६३ टक्के. आदल्या वर्षी, २०२०ला, तो ९०.६६ टक्के होता. पुढे परीक्षा सुरू झाल्यावर २०२२ला ९४.२२ आणि २०२३ला ९१.२५ टक्क्यांवर आला. मुले एका वर्षात हुशार होऊन पुन्हा मंद झाली असे कोणी म्हणणार नाही. परीक्षेची लेखी बाजू काढून घेऊन मूल्यमापन आपल्या हाती दिले, तेव्हा आपण शिक्षकांनी काय केले त्याची ही नोंद आहे. ते वर्ष संकटाचे होते, हे मान्य. पण प्रात्यक्षिकाचे काय? विज्ञानाच्या प्रत्येक विषयात १००पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. ते कसे दिले जातात हे या मासिकाच्या वाचकांना आम्ही सांगायला नको. एका कनिष्ठ महाविद्यालयात आम्ही स्वतः पाहिले आहे: सूक्ष्मदर्शक कपाटात, कपाटाची किल्ली कोणाकडे तरी, आणि गुणपत्रकावर २८ व २९चे आकडे ओळीने.

या उदारपणाने नुकसान कोणाचे होते? ज्या शाळेत खरोखर कांद्याच्या पापुद्र्याची काचपट्टी करून पेशी पाहिल्या जातात, आम्लाचे अनुमापन पुन्हा पुन्हा करून घेतले जाते, तिथल्या मुलीचे. तिच्या हातातले कौशल्य आणि कपाटवाल्या महाविद्यालयातल्या मुलाची सही, दोन्हींची किंमत २८. शहराशी तिला बरोबरी करता आली असती अशी हीच एक जागा होती आणि ती आपणच बुजवून टाकली. "आमच्या गुणांवर विश्वास ठेवा" असे सरकारला सांगायचे, तर आधी हे मान्य करावे लागेल.

म्हणून नीट निर्दोष ठरते असे मुळीच नाही. तिचे एक गणित वर्गात करून पाहण्यासारखे आहे. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला उणे १, पर्याय चार. डोळे मिटून खूण केली तर चारांत एकदा ४ गुण मिळतात आणि तीनदा १ जातो. म्हणजे सरासरीने दर प्रश्नामागे पाव गुण फायदाच. वीस प्रश्नांवर असा अंदाज बांधला तर सरासरी ५ गुण मिळतात. पण संभाव्यतेच्या नियमाने त्यांचे प्रमाण विचलन सुमारे १० गुण येते. दोन सारख्याच अज्ञानी मुलांत केवळ नशिबाने दहा-पंधरा गुणांचे अंतर सहज पडू शकते. वीस लाखांहून अधिक मुले ७२० गुणांच्या पट्टीवर उभी केली, की एकेका गुणावर हजारो मुले दाटतात. तिथे पाच गुणांच्या फरकाला गुणवत्तेचा फरक म्हणणे हे मोजमापाच्या शास्त्राला धरून नाही. २०२४ साली पहिल्या निकालात ६७ मुलांना ७२०पैकी ७२० मिळाले. वाढीव गुण मागे घेऊन आणि भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाचे उत्तर सुधारून ही संख्या १७वर आली. ही पट्टी किती बारीक वाचावी, याचा अंदाज यावरून यावा.

भाषेचीही अडचण आहे. नीटची प्रश्नपत्रिका २०१७पासून मराठीत मिळते, पण आपले विद्यार्थी अकरावी-बारावीचे विज्ञान इंग्रजीतून शिकतात. दहावीपर्यंत 'प्रकाशसंश्लेषण' म्हणणारी मुलगी दोन वर्षे इंग्रजी शब्दांशी झगडते, आणि परीक्षेच्या वेळी मराठी प्रश्नपत्रिकेतल्या परिभाषेला तीही परकीच झालेली असते.

मग शालेय गुण आणि डॉक्टरकी यांचा संबंध आहे की नाही? आहे. ब्रिटनमध्ये आय. सी. मॅकमॅनस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांचा वीस वर्षे मागोवा घेऊन २००३ साली जे निष्कर्ष छापले, त्यांत शालान्त परीक्षेच्या गुणांवरून पुढच्या वाटचालीचा काही अंदाज येत होता, बुद्धिमापन चाचणीवरून मात्र येत नव्हता. याच्या उलट, "पहिला आलेला मुलगा पुढे सामान्य डॉक्टर निघाला" अशी उदाहरणे देऊन गुण निरर्थक ठरवणारे एक चूक करतात. शंभर मीटर बारा सेकंदांत धावणारीच मुले खो-खोच्या संघात घेतली, तर त्या संघात उत्तम खेळाडू कोण हे वेगावरून सांगता येणार नाही. म्हणून वेगाला महत्त्व नाही असे ठरत नाही. निवडलेल्यांतच पाहिले की संबंध दिसेनासा होतो.

मॅकमॅनस यांच्याच २०१३च्या अभ्यासातली एक गोष्ट आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. सारखेच गुण असलेल्या दोन विद्यार्थ्यांपैकी, जो कमी निकालाच्या शाळेतून आला तो वैद्यकीय महाविद्यालयात सरासरीने अधिक चांगला ठरला. नवल नाही. गुणात मूल असते आणि शाळाही असते. शाळेचा आधार कमी असूनही जो तिथवर पोहोचला, त्याचा स्वतःचा वाटा मोठा. लंडनच्या किंग्ज कॉलेजने २००१पासून याच विचाराने काही जागा ठेवल्या. शहरातल्या सामान्य सरकारी शाळांतली मुले कमी गुणांवर घ्यायची, पहिल्या वर्षाचा अभ्यास दोन वर्षांत पुरा करायचा, पण अंतिम परीक्षा सर्वांची एकच. त्यांतली बहुसंख्य मुले उत्तीर्ण होत गेली. तमिळनाडूनेही २०२० साली सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांसाठी साडेसात टक्के जागा राखल्या. नीट तीच ठेवून गुण कुठे मिळवले एवढे पाहिले. महाराष्ट्रात आदिवासींसाठी सात टक्के जागा आहेत, पण त्यांतही कल्याण-ठाण्यात शिकलेला मुलगा आणि शहापूर प्रकल्पाच्या आश्रमशाळेतली मुलगी यांना एकाच रांगेत उभे केले जाते.

मुलाखत घ्या, असे सुचवणारेही भेटतात. टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९७९ साली ऐन वेळी ५० जागा वाढल्या, तेव्हा मुलाखतीनंतरच्या यादीत तळाशी राहिलेल्यांना बोलवावे लागले. पुढे अभ्यासात आणि रुग्णसेवेत या ५० जणांत व आधी निवडलेल्या १५० जणांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. आपल्याकडे तर मुलाखतीबरोबर ओळखपाळखही येईल. हा मार्ग आम्हांला नको वाटतो.

महाड तालुक्यात डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांपाशी रात्ररात्र बसून नाडी, रक्तदाब, घाम यांच्या नोंदी ठेवल्या. त्यांतून १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये लेख आला आणि पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध विंचवावर वापरात आले. पाहणे, नोंदणे, पुन्हा पाहणे हा गुण नीटच्या चार पर्यायांत मोजता येत नाही. शाळेत तो मोजण्याची जागा एकच, प्रात्यक्षिकाची वही.

हे सारे आम्ही आटगावच्या मित्रांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "यंदा मी प्रामाणिकपणे १९ दिले आणि शेजारच्या महाविद्यालयाने सगळ्यांना २९ दिले, तर नुकसान माझ्याच मुलीचे ना?" होय, तिचेच. बाहेरचा परीक्षक खरोखर बाहेरून येईल आणि काचपट्टी समोर करून घेईल, तोवर त्यांना १९ द्या म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. कसाऱ्याहून येणाऱ्या गाडीची वेळ झाली होती. स्थानकावर दोन मुली फलाटाच्या कडेला बसून प्रश्नसंच सोडवत होत्या.