साडेचार मीटरच्या लाटा

पावसाळा तोंडावर आला की वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते: यंदा अमुक दिवस समुद्राला मोठी भरती, साडेचार मीटरपेक्षा उंच लाटा उसळणार. खाली तारखांचा तक्ता. ‘बातम्यांमधला समुद्र’ हा माझा पीएचडीचा विषय आहे म्हटलं की लोक विचारतात, त्यात काय अभ्यासायचं? त्यांना मी हा मथळा दाखवते.

तक्त्यातला आकडा लाटेचा नसतोच. तो भरतीच्या पाण्याच्या पातळीचा असतो आणि ती मोजतात एका ठरवलेल्या शून्यरेषेपासून. ही रेषा साधारण खोल ओहोटीच्या आसपास असते. म्हणजे भरती ४.८ मीटरची असली आणि वारा पडलेला असला, तर पाणी गुपचूप चढतं, गुपचूप उतरतं. लाट उठवतो वारा. भांगाच्या दिवशी, भरती लहान असतानाही, दूरच्या वादळामुळे किनाऱ्यावर मोठ्या लाटा आदळू शकतात. त्या दिवशी तक्ता गप्प! लाटांचा अंदाज वेगळा असतो, तो हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था देते.

तुम्ही म्हणाल, हा शब्दांचा कीस झाला. पण मथळा वाचून लोक जातात मरीन ड्राइव्हला, आणि पाणी तुंबतं हिंदमाताला. भरतीचं पाणी चढलं की पर्जन्यवाहिन्यांची समुद्राकडची तोंडं बुडतात, पावसाच्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा भरतीनं हीच अडचण वाढवली होती. तक्ता खरं तर गटारांसाठी वाचायचा असतो.

गंमत म्हणजे मराठीत यासाठी नेमके शब्द आहेत. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती म्हणजे उधाण, अष्टमीच्या सुमाराची लहान ती भांगाची. आमच्या मासळीवाल्या मावशी कुठलाही तक्ता न बघता तिथीची पाऊणपट करतात: चतुर्थी असेल तर भरती तीनच्या सुमारास. बातम्यांत मात्र समुद्राला ‘हाय टाइड’ येते आणि उधाण येतं ते चर्चांना. ‘जनसागर’, ‘मेगाभरती’ हे त्याच घरातले; त्यांच्याशी माझं भांडण नाही.

भांडण आहे ते ‘वाया’ या शब्दाशी. ‘कोकणातून समुद्रात वाया जाणारं पाणी’ हा शब्दप्रयोग इतका रुळलाय की बातमीदाराला तो स्वतःचं मत आहे असं वाटतसुद्धा नाही. मराठवाड्याला पाणी हवंय, त्यावर वाद घालायलाच हवा. पण ‘वाया’ म्हटलं की वाद सुरू होण्याआधीच निकाल लागतो. कोयनेचं अवजल वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीत येतं. खाडी जगते ती गोड आणि खाऱ्या पाण्याच्या मिसळीवर. कोळंबीची पिल्लं अशाच पाण्यात वाढतात, नदीच्या गाळावर कांदळवन उभं राहतं. किती पाणी वळवलं तर तिथे काय होईल, हा प्रश्न ‘वाया’ लिहिणाऱ्याला पडतच नाही, कारण त्याच्या लेखी समुद्र म्हणजे मोरी.

सध्या मी याच बातम्या गोळा करतेय. ‘वाया’ न म्हणणारी एखादी दिसली, तर कात्रण जरूर पाठवा.