भुयारी गाडीचे तांबडे तोंड

तांबडा प्रकाश सर्वांत कमी विखुरतो, म्हणून तांबडी वस्तू सर्वांत लांबून दिसते, असे आपण वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. विद्यार्थी हाच नियम पुढे सिग्नलपासून आगीच्या बंबापर्यंत सगळ्यांना लावून टाकतात. हा नियम कितपत खरा आहे, हे तपासायला लंडनच्या भुयारी रेल्वेच्या गाड्या फार उपयोगी आहेत. मोटरमनच्या केबिनचा रंग तिथे अनेकदा बदलला. या बदलांकडे विज्ञानाच्या नजरेने पाहिले तर काही रंजक आणि काही गैरसोयीच्या गोष्टी लक्षात येतात.

१९३८ सालच्या नमुन्याच्या गाड्या सगळ्या तांबड्या होत्या. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ॲल्युमिनियमचे डबे आले. हा धातू गंजत नाही, मग रंग कशाला, असा विचार पुढे आला. रंगाचे वजन वाचले आणि पुन्हापुन्हा रंगवण्याचा खर्चही वाचला. त्यानंतर सुमारे तीस वर्षे बहुतेक नव्या गाड्या बिनरंगाच्याच निघाल्या. तर्क बिनचूक होता, पण तो माणसांच्या वागणुकीचा हिशेब न करता मांडलेला होता. १९८०च्या दशकात गाड्यांवर फवाऱ्याच्या रंगाने चित्रे आणि नावे काढण्याची लाट आली. उघड्या ॲल्युमिनियमवरचे हे डाग घासूनही पुसट उरत. अखेर गाड्या पुन्हा रंगवणे भाग पडले : बाजू पांढऱ्या, खाली निळा पट्टा आणि तोंड तांबडे. १९८६ मध्ये तांबडी, निळी आणि हिरवी अशा तीन प्रायोगिक गाड्या लोकांना दाखवण्यात आल्या होत्या. सेंट्रल मार्गावरच्या १९९२च्या गाड्यांना मात्र तांबडेच तोंड मिळाले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हे तांबडे तोंड लांबून उठून दिसते का?

भरपूर उजेडात आपल्या डोळ्याला सर्वांत तेजस्वी भासतो तो सुमारे ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे पिवळसर हिरवा प्रकाश. ६५० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशाला डोळ्याचा प्रतिसाद त्याच्या जेमतेम दहावा हिस्सा असतो. उजेड फार कमी झाला की शंकुपेशींऐवजी दंडपेशी काम करू लागतात आणि संवेदनक्षमतेचे शिखर ५०७ नॅनोमीटरकडे सरकते. तेव्हा तांबड्याचा वाटा एक हजारांशापेक्षाही कमी होतो. अंधुक उजेडात जास्वंदीचे फूल काळपट दिसते आणि पाने त्या मानाने उजळ राहतात, ते यामुळेच. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा बदल नोंदवला होता. भुयार हे तर अंधाराचेच ठिकाण. तिथे तांबड्या तोंडाची गाडी दिसते ती तिच्या दिव्यांमुळे. रंगाचा त्यात फारसा हात नाही.

विखुरण्याचा मुद्दाही सरसकट लागू होत नाही. हवेच्या रेणूंकडून निळा प्रकाश अधिक विखुरतो हे खरे. पण दाट धुक्यातले जलबिंदू प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात आणि सगळ्या रंगांना जवळजवळ सारखेच विखुरतात. म्हणून तर धुके पांढरे दिसते. शिवाय सिग्नलचा दिवा स्वतः प्रकाश देतो, तर रंगवलेला पत्रा त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग परत पाठवतो. या दोन गोष्टी एकाच वाक्यात बसवणे चुकीचे आहे.

ब्रिटिश रेल्वेला हा भेद उमगला होता. वाफेची इंजिने जाऊन कमी आवाजाच्या डिझेल व विजेच्या गाड्या आल्या, तेव्हा रुळांवर काम करणाऱ्यांना गाडी येत असल्याचा सुगावा लागेना. म्हणून १९६०च्या दशकात गाड्यांच्या तोंडावर पिवळा रंग आला. इकडे भुयारी रेल्वेचा निम्म्याहून अधिक मार्ग प्रत्यक्षात उघड्यावर आहे. काही ठिकाणी पिवळ्या आणि तांबड्या तोंडाच्या गाड्या अनेक वर्षे एकाच रुळांवरून धावल्या. डोळ्याचा विचार केला तर पिवळा उजवा ठरतो, हे उघड आहे. दिवे पुरेसे प्रखर असतील तर पिवळा रंग सक्तीचा नाही, अशी सवलत ब्रिटनमध्ये २०१६ मध्ये मिळाली. यातूनही हेच दिसते की खरे काम दिव्यांचे आहे.

मग तांबडा रंग निरुपयोगी का? तसे आम्ही म्हणणार नाही. लंडनच्या बसगाड्यांशी नाते सांगणारी ओळख म्हणून तो उत्तम आहे. मात्र ओळखीच्या रंगाला एक जबाबदारी येते : तो सगळीकडे सारखा दिसला पाहिजे. इथेच अडचण आहे. उन्हात धावणाऱ्या केबिनचा रंग फिका पडतो, ब्रेकच्या लोखंडी धुळीने तो तपकिरी होतो आणि नव्याने रंगवलेली केबिन जुनीच्या शेजारी भडक दिसते. पिवळ्या सोडियम दिव्याखाली तर तोच रंग मळकट भासतो, कारण त्या दिव्यात तांबडा प्रकाश फारसा नसतोच. रंगाचे नाव आणि क्रमांक ठरवले तरी पाहणाऱ्यापर्यंत पोचणारा रंग पत्रा, वय आणि प्रकाश या तिघांवर अवलंबून राहतो.

आमच्या मते या सगळ्यांत १९८० मध्ये डिस्ट्रिक्ट मार्गावर आलेली गाडी सर्वांत समंजस होती. अंग बिनरंगाचे आणि फक्त तोंड तांबडे. ओळख राखली आणि रंगही वाचवला. तिलाही पुढे काळाच्या रेट्याने पूर्ण रंग लावून घ्यावा लागला आणि २०१७ मध्ये ती त्या मार्गावरून गेली.

शिक्षकांनी हा विषय वर्गात जरूर आणावा. तांबडा, पिवळा, हिरवा आणि निळा असे चार कागद भिंतीवर लावा, पडदे एकेक करून ओढा आणि कोणता कागद आधी काळा पडतो ते मुलांना लिहून ठेवायला सांगा. रुळांवर काम करणाऱ्या माणसाचा जीव ज्या स्पष्टीकरणावर अवलंबून असतो, ते केवळ पाठ करून चालणार नाही. ते डोळ्यांनी पडताळूनच शिकवले पाहिजे.