‘अच्छेव’मधील खाण आणि गाव : एक पुनर्विचार

गोव्यातील खाणव्यवसायाची चर्चा साहित्याच्या अंगाने होते तेव्हा पुंडलिक नायक यांच्या ‘अच्छेव’ (१९७७) या कोंकणी कादंबरीचा उल्लेख हमखास येतो. विद्या पै यांच्या इंग्रजी अनुवादामुळे (२००२) ती गोव्याबाहेरील अभ्यासकांपर्यंतही पोहोचली. पंढरी व रुक्मिणी या शेतकरी दाम्पत्याचे घर खाणीच्या आगमनानंतर कसे मोडत जाते, हा तिचा विषय. हरवलेल्या खेड्याचे शोकगीत म्हणून ती वाचण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखकास मात्र हे वाचन अपुरे वाटते.

कादंबरीचे खरे बळ वेगळ्या ठिकाणी आहे. खाणीची मजुरी ही शेतीच्या उत्पन्नात पडलेली भर नसून ती शेतीची जागाच घेते, हे नायकांनी फार लवकर ओळखले. गोव्यातील उघड्या खाणींत एक टन खनिजामागे सुमारे अडीच ते तीन टन टाकाऊ माती निघते. तिचे डोंगर उभे राहतात आणि पावसाळ्यात तीच माती ओहोळांवाटे भातशेतीत उतरते. खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की त्यातील पाणी उपसावे लागते. भोवतालच्या विहिरी आटतात. म्हणजे नांगर सोडून खाणीवर गेलेल्या माणसाला परतण्यासाठी शेत उरत नाही. कुटुंबाचे विघटन या भौतिक वस्तुस्थितीपासून अलग काढून केवळ व्यसन व लोभ यांच्या खाती मांडणे, हा कादंबरीवर अन्याय होय.

तथापि या गैरवाचनास कादंबरीही काहीशी जबाबदार आहे. तिची दृष्टी घराच्या उंबरठ्याभोवती खिळलेली असल्याने पैशाचा मार्ग दिसत नाही. पोर्तुगीज राजवटीने दिलेले खाणपरवाने १९८७ च्या कायद्याने रद्द होऊन त्यांचे भाडेपट्ट्यांत रूपांतर झाले, तोवर ते काही घराण्यांच्या व कंपन्यांच्या हाती जवळजवळ मालकीहक्कासारखेच होते. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिले, परंतु जमिनीखालच्या खनिजावर त्याचा अधिकार नव्हता. हा व्यवहार चौकटीबाहेर राहिला की अधःपतन तेवढे दिसते, आणि दोष नकळत मजुराच्या माथी येतो. (आपल्या ग्रामीण कादंबरीत हा दोष विरळा नाही.)

नायकांनी खाण येताना पाहिली. ती थांबते तेव्हा काय होते, हे १९७७ साली दिसणे शक्यच नव्हते. २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक लोहखनिज निर्यात झाले. शाह आयोगाच्या अहवालानंतर २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, आणि २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरले. कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. गॅरेजे, खानावळी, मांडवी-जुवारीवरील बार्जेस यांचा धंदा बसला. खाणी पुन्हा सुरू कराव्यात, ही मागणी खाणपट्ट्यातील अवलंबितांनीच लावून धरली. वरवर विसंगत वाटणारी ही मागणी ‘अच्छेव’ नीट वाचणाऱ्याला चकित करणार नाही.

लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोली परिसरात उत्खनन पुन्हा सुरू झाले. त्याच पट्ट्यातील मुळगावच्या ग्रामस्थांची मागणी आहे ती घरे, देवळे आणि तळी भाडेपट्टा क्षेत्रातून वगळण्याची.